शहाद्याकडची पपई नर्सरी: जाळी उत्तम, बाटली घेऊ नका

फेब्रुवारीच्या लागवडीला शहादा तालुक्यातल्या एका नर्सरीतून तैवान ७८६ या पपईच्या जातीची रोपं आणली. रोपामागे दोन-तीन रुपये दर चढा आहे. ते पैसे जाळीचे आहेत आणि मला ते पटले. ४० मेशची जाळी, दुहेरी दार, बाहेरचं लावल्याशिवाय आतलं उघडू देत नाहीत. आत पिवळे चिकट सापळे टांगलेत, मी गेलो तेव्हा त्यांवर मावा (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) दिसला नाही. रोपं ठेंगणी, जाड खोडाची, मुळं पांढरी.

जाळीवर एवढा भर का, ते सांगतो. रिंगस्पॉट हा पपईचा व्हायरसमुळे होणारा रोग सहसा बियाण्यातून येत नाही, मावा आणतो. व्हायरसचं एचसी-प्रो नावाचं प्रथिन एका बाजूने माव्याच्या सोंडेला धरतं, दुसऱ्या बाजूने व्हायरसच्या आवरणाला. रोगट पानावर माव्याने क्षणभर सोंड टोचली तरी व्हायरस चढतो आणि पुढच्या झाडावर टोचताच उतरतो. फवारणीने मावा मरतो खरा, पण मरण्याआधी त्याचं काम झालेलं असतं. म्हणून रोप कोवळं असताना त्याला मावा शिवूच नये.

एकदा व्हायरस आत शिरला की झाडाचीच यंत्रणा त्याच्या कामाला लागते. झाडात ईआयएफ-४ई नावाचं प्रथिन असतं. पेशीतल्या संदेशाचं, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं ते सांगणाऱ्या आरएनए रेणूचं, टोक पकडून ते प्रथिनं बनवण्याचं काम सुरू करून देतं. या कुळातल्या व्हायरसांच्या आरएनएच्या टोकाला व्हीपीजी हे प्रथिन जोडलेलं असतं, ते नेमकं ईआयएफ-४ईलाच जाऊन बिलगतं. झाड आपल्या छोट्या आरएनए तुकड्यांच्या मदतीने व्हायरसचा आरएनए कापू पाहतं, तर तेच एचसी-प्रो ते तुकडे अडकवून ठेवतं. मला यातली ही दुहेरी चाल फार विलक्षण वाटते, आणि तितकीच भीतीही वाटते.

आता काउंटरवरची ‘व्हायरस घालवणारी’ बाटली. लेबलवर समुद्री शेवाळाचा अर्क आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं लिहिलीत. पानं हिरवी होतीलही, पण पेशीत बसलेला व्हायरस त्याने निघणार नाही. एवढ्या चांगल्या नर्सरीने ती विकू नये. ज्याच्या बागेत पानं दोरीसारखी बारीक झालीत, देठांवर तेलकट रेघा आल्यात, तो शेतकरी त्या बाटलीच्या भरवशावर रोगट झाड उपटायचं टाळतो. तेवढ्यात शेजारची ओळ जाते.

हवाईत १९९८ पासून ‘रेनबो’ पपई लावतात. तिच्यात व्हायरसच्या आवरण-प्रथिनाचं जनुक घातलंय, त्यामुळे झाड त्याचा आरएनए ओळखून कापायला आधीच सज्ज असतं. आपल्याकडे तशा पपईच्या लागवडीला परवानगी नाही. तोवर जाळी, रोगट झाडं वेळेत काढणं आणि मावा अडवायला बांधावर मका, एवढंच हातात आहे.

तक्रारी आणखी दोन. जाळीला लागूनच भोपळ्याचा वेल चढवलाय. पपईचा हा व्हायरस वेलवर्गीय पिकांतही राहतो, तेव्हा वेल तिथून हलायलाच हवा. मालकांना समोर सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं. दुसरं म्हणजे रोपं उघड्या पिकअपमध्ये भरून देतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुन्या बागा असताना. बुकिंग करताना गाडीवर जाळी टाकून द्यायला सांगा, मागितली तर देतात.