दख्खनची राणी मॉडेलमध्ये: 1930ची रंगवावी की आजची?

डेक्कन क्वीन एचओमध्ये, म्हणजे 1:87 प्रमाणात करायला घेतली की पहिला पेच रंगाचा पडतो. 1 जून 1930ला धावली ती राणी करायची, की संध्याकाळी पाच-दहाला सीएसएमटीहून सुटणारी?

मन 1930कडे ओढ घेतं, माझंही घेतलं. तेव्हा दोन रेक, म्हणजे डब्यांचे संच, होते: एक चंदेरी, त्यावर शेंदरी-लाल पट्ट्या, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. लिखित वर्णन एवढंच, बाकी सगळी मदार कृष्णधवल फोटोंवर. आणि तिथेच फसायला होतं. त्या काळच्या बऱ्याच फिल्मवर लाल रंग जवळजवळ काळा उमटे आणि निळा फिकट. हे ठाऊक नसताना मी एका फोटोवरून चंदेरी डब्याच्या पट्ट्या काळ्या रंगवल्या. दोन रविवार खर्ची पडले आणि शेवटी सगळा रंग खरवडून काढावा लागला.

इंजिनाचं तर त्याहून नाजूक. ईए/1 वर्गाचं विजेचं इंजिन ‘सर रॉजर लम्ली’ आज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभं आहे, म्हणून बरेच जण तेच नाव मॉडेलवर चढवतात. पण लम्ली मुंबईचे गव्हर्नर झाले 1937 साली. 1930च्या गाडीपुढे ते नाव लावलं, तर रंग कितीही अचूक असला तरी मॉडेल खोटं पडतं. तसंच ‘डब्ल्यूसीपी-1’ हे याच वर्गाचं नंतरचं नाव. जीआयपीची (तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) अक्षरं आणि हे नाव एकाच इंजिनावर नकोत. संग्रहालयातला रंगही नंतर पुन्हा दिलेला असतो, त्यावरून छटा जुळवू नका.

आजच्या गाडीचं काम सरळ आहे. 2022पासून ती हिरव्या-तांबड्या एलएचबी (नव्या धाटणीच्या) डब्यांची आहे. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, शेडकार्ड (रंगछटांचा तक्ता) घेऊन डब्याशेजारी उभे राहा, उन्हात एकदा आणि छपराखाली एकदा छटा बघा. इंजिन रोज तेच नसतं, त्यामुळे नंबर आणि इंजिन-शेडचं नाव एकाच दिवशी काढलेल्या फोटोतून घ्या. मूळ छटेत थोडा पांढरा मात्र मिसळा, कारण इवल्याशा डब्यावर तोच रंग जास्त गडद भासतो.

खालच्या बोगींना, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांना, तपकिरी रंगाचा हात हवाच. घाट उतरताना ब्रेकची लोखंडी धूळ तिथेच बसते. 1930च्या गाडीलाही तो तेवढाच शोभेल, फक्त उद्घाटनाचा दिवस दाखवायचा असेल तर नको.

एअरब्रश (रंग फवारायचं साधन) पहिल्यांदाच हातात घेत असाल तर आजचीच राणी करा. चंदेरी रंगाखाली प्रायमरचा एकेक दाणा उठून दिसतो, आणि निळ्यावरची सोनेरी रेघ अर्धा मिलिमीटर जाड झाली तरी खऱ्या डब्यावर ती सुमारे 4.35 सेंटिमीटरची ठरते. हात बसलेला असेल तर मी निळा रेक सुचवेन. इंजिनाला त्या वेळी नावाची पाटी नको, नुसता नंबर पुरे.