जळगावातलं संध्याकाळचं फुटबॉल कोचिंग, दोन सीझननंतरचा रिव्ह्यू

माझा मुलगा एसवायला आहे. तो संध्याकाळी ज्या सरांकडे फुटबॉल शिकायला जातो तेच सर त्याच्या कॉलेजची टीमपण बघतात, म्हणून हा रिव्ह्यू क्लासचा आणि सरांचा दोन्ही समजा. नाव टाकत नाहीये, सरांना ते आवडत नाही.

आधी त्रास सांगून टाकते. ग्राउंड खडकाळ आहे, पोरं गुडघे सोलून घरी येतात. लाइट नाहीत त्यामुळे डिसेंबरात सहालाच खेळ बंद, आणि सुट्टीचा मेसेज पोरं घरून निघाल्यावर येतो. फी महिन्याला ८०० रुपये, पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. एप्रिल-मेमध्ये बॅच सकाळी साडेपाचला असते ते मात्र एकदम बरोबर, आपल्याकडे तेव्हा पारा ४४ च्या वर जातो.

याआधी मुलगा दुसऱ्या एका क्लासला होता, तिथे ट्रॉफ्यांनी कपाट भरलेलं, मी पण त्यालाच भुलले. नंतर कळलं की टूर्नामेंट आली की तयार पोरं बाहेरून आणायची, फी भरणारी आपली पोरं बाकावर बसवायची आणि जिंकलं की सगळ्यांना फोटोत उभं करायचं. त्या विजयात कोचने काय केलं मला अजून कळलेलं नाही.

कॉलेजच्या कोचच्या हातात टीम राहतच नाही हो. तीन वर्षं घासून पोरगं तयार केलं की टीवायची परीक्षा देऊन ते निघालं, कोणी पुण्याला, कोणी पोलीस भरतीला. परत एफवायची नवी पोरं, परत पासिंगपासून सुरुवात. मुलाने मला अमेरिकेतल्या जॉन गलार्डी नावाच्या कोचबद्दल सांगितलं (त्यांचा फुटबॉल वेगळा, बॉल हातात घेऊन पळायचा). मिनेसोटातल्या सेंट जॉन्स कॉलेजात हा माणूस १९५३ ते २०१२, सलग ६० सीझन. आधीच्या कॉलेजचे धरून एकूण ४८९ मॅच जिंकला, कॉलेज फुटबॉलमध्ये एवढ्या कोणत्याच कोचच्या नावावर नाहीत. प्रॅक्टिसमध्ये शिट्टी नाही, पोरांना एकमेकांवर आदळून खाली पाडणं नाही, आणि पोरं त्याला सरळ जॉन म्हणायची. मला त्या आकड्यापेक्षा हे मोठं वाटलं की एवढ्या वर्षांत त्याच्या किती टीम निघून गेल्या असतील आणि दर वेळी त्याने परत पहिल्यापासून उभी केली.

आमच्या सरांकडे एक लांबडी वही आहे, कोपरे घामाने मऊ झालेले. एकदा फी द्यायला गेले तेव्हा ती उघडी होती. जामनेरकडच्या एका पोराच्या नावापुढे सलग नऊ दिवस गैरहजरीची फुली नव्हती, बारीक अक्षरात ‘कापूस’ लिहिलं होतं. वेचणीला मजूर मिळत नाहीत, घरच्या पोराला जावंच लागतं, आणि नेमक्या तेव्हाच कॉलेजच्या स्पर्धा असतात. सरांनी त्याची जागा काढली नाही, रविवारी सकाळी त्याला एकट्याला बोलवून प्रॅक्टिस घेतली, मग एसटीत बसवून दिलं.

मागच्या वर्षी ज्या कॉलेजकडून ४-० हरलो त्यांच्याशीच यंदा परत मॅच लागली. आमचे सात जण पास होऊन गेलेले, टीममध्ये निम्मी पोरं एफवायची. मी सावलीत उभी होते, हात गार पडले होते माझे. सर ओरडत नव्हते, फक्त “जागा सोडू नको भो” एवढंच अधूनमधून. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांनी त्या कापसाच्या पोराला आत टाकलं आणि त्याच्याच पासवर गोल झाला. १-०. मॅच संपली तेव्हा सगळे नाचत होते आणि सर खाली बसून आमच्या गोलकीपरच्या घोट्याला बर्फ लावत होते, केळीची फणी शेजारी ठेवलेली. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खरं सांगते.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा लाइट आणि पावतीसाठी कापला. ट्रायल रविवारी सकाळी असते, स्टडचे शूज नसले तरी सर घेतात. पाण्याची मोठी बाटली मात्र घरून द्या, तिथला जार लवकर संपतो.