सव्वा लाखाचं घड्याळ आणि आतलं मशीन

तीन महिने हातात घालून झालं म्हणून आता लिहितोय, पहिल्या आठवड्यात लिहिलं असतं तर पाचपैकी पाच देऊन मोकळा झालो असतो. ब्रँडचं नाव घेत नाही, कारण या किमतीत बरेच जण हेच करतात, एकाला कशाला धरायचं. स्विस, ऑटोमॅटिक, तीन काटे आणि तारीख, ४० मिमी, निळी तबकडी, सव्वा लाखाला थोडे कमी. चाळिशीचं स्वतःलाच गिफ्ट, तेही ईएमआयवर.

शोरूमचा अनुभव मात्र एकदम राजेशाही हां. सोफा, कॉफी, भिंतभर एका हिरोचा फोटो, आणि सेल्समन पांढरे हातमोजे घालून ट्रे घेऊन आला तेव्हा क्षणभर वाटलं आपण घड्याळ घ्यायला आलोय की अपेंडिक्स काढायला. अर्धा तास हेरिटेज ऐकवलं. सर ही वस्तू नाही वारसा आहे, तुमचा मुलगा घालेल, नातू घालेल. हे पाटेक फिलिप या अतिमहागड्या स्विस घड्याळ कंपनीच्या १९९६ पासून चालू असलेल्या जाहिरातीचंच गाणं, की घड्याळ तुमचं नसतंच मुळी, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी सांभाळताय. पाटेकवाल्यांनी म्हणावं, त्यांचं काम त्या तोडीचं असतं, पण आता ज्याला त्याला वारसाच विकायचाय. मी विचारलं आत मशीन कुठलं, तर ब्रोशरमधला कॅलिबर नंबर म्हणजे मशीनचा मॉडेल नंबर दाखवला, कंपनीच्या नावाचा. मी पण मान डोलावली, काय कळतंय.

बरं, घड्याळवाल्यांची जाहिरातबाजी काही आजची नाही. १९२७ ची मर्सिडीझ ग्लिट्झची गोष्ट घ्या. बाई ७ ऑक्टोबरला इंग्लिश खाडी पोहून गेली, मग दुसऱ्याच एकीने खोटा दावा केल्यामुळे लोक हिच्यावरही शंका घ्यायला लागले, म्हणून २१ तारखेला ही परत पाण्यात उतरली आणि या वेळी गळ्यात रोलेक्सचं ऑयस्टर हे वॉटरप्रूफ घड्याळ. पाणी इतकं गार की दहा तासांनी तिला अर्धवट शुद्धीत बाहेर काढावं लागलं, म्हणजे ज्या पोहण्यात घड्याळ होतं ते पूर्ण झालंच नाही. तरी पुढच्या महिन्यात डेली मेलच्या पहिल्या पानावर रोलेक्सची जाहिरात झळकली. चलाखी आहेच, पण इतके तास त्या पाण्यात राहूनही घड्याळ चालू होतं हेही खरं. असल्या हाइपला माझी काही हरकत नाही.

माझ्या घड्याळाचं सांगतो. महिन्याभरात लक्षात आलं की रोज ८-९ सेकंद पुढे जातंय. हे बिघाड नाही, मेकॅनिकल म्हटलं की चालायचंच, पण स्वित्झर्लंडची कॉस्क ही टेस्टिंग संस्था ज्याला क्रोनोमीटर म्हणते त्याला दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदात राहावं लागतं, आणि सेलवरचं दीड हजाराचं क्वार्ट्झ घड्याळ अख्ख्या महिन्यात पंधरा-वीस सेकंद इकडे तिकडे होतं. शुक्रवारी रात्री काढून ठेवलं की रविवारी दुपारी बंद पडलेलं. म्हटलं दाखवून तरी येऊ.

आमच्या पेठेतल्या घड्याळजी काकांकडे गेलो, बाबांचं एचएमटी जनता अजून त्यांच्याकडेच जातं, त्याचा पट्टा तुटला होता तेही घेतलं सोबत. काकांनी एकच विचारलं, "केवढ्याचं?" सांगितलं. काही बोलले नाहीत. डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण फिरवून काढलं, वरचं फिरणारं अर्धचंद्रासारखं वजन म्हणजे रोटर बोटाने बाजूला केलं. त्यावर नक्षी आणि ब्रँडचं नाव कोरलेलं, दिसायला सुंदर. मग चिमट्याचं टोक बॅलन्स व्हीलच्या, म्हणजे मागेपुढे हलत ठेका धरणाऱ्या चाकाच्या, खाली दाखवत म्हणाले, "हे बघ, इथे शिक्का आहे. सेलिटा कंपनीचं. एसडब्ल्यू २००. असली मशीनं माझ्याकडे कायम येतात. तुझ्यापेक्षा निम्म्या किमतीच्या घड्याळातही हेच असतं."

घरी येऊन वाचत बसलो. ईटीए या मशीनं बनवणाऱ्या स्विस कंपनीचं २८२४ हे जुनं, दणकट, सगळीकडे चालणारं मशीन, त्याचं पेटंट संपल्यावर सेलिटाने तसंच काढलं ते हे. वाईट अजिबात नाही, उलट भरवशाचं. राग आला तो बारशाचा, दुसऱ्याचं पोर आणून आपलं नाव ठेवायचं आणि वर वारशाच्या गप्पा. 'स्विस मेड'चंही तसंच, मशीन स्विस पाहिजे, जुळणी आणि शेवटची तपासणी तिथे व्हायला पाहिजे, आणि २०१७ पासून खर्चाच्या किमान ६० टक्के तिथला पाहिजे. उरलेला ४० टक्के कुठूनही आणा, कायद्याला चालतं.

पण चांगलं ते पण सांगतो. केसचं फिनिशिंग खरंच झकास, ब्रश केलेला आणि पॉलिश केलेला भाग जिथे मिळतात ती कड बोटाला जाणवते. तबकडी सकाळच्या उन्हात वेगळीच दिसते, मीटिंगमध्ये बघत बसतो. काच सफायर, एकही ओरखडा नाही. स्टीलचा पट्टा मात्र या पैशात पोकळ वाटतो, खुळखुळतो. लाकडी खोका दोन किलोचा असेल, त्यात सध्या बायकोने जुन्या राख्या आणि कपाटाच्या किल्ल्या ठेवल्यात. आणि विकायचा विचार केलात तर विसरा, तीन महिन्यांत सेकंडहँडवाल्याने निम्मी किंमत सांगितली.

पाचपैकी तीन. फिनिशिंगचे दोन, आणि एक त्याच सेलिटाचा, कारण काका म्हणाले, "रडू नकोस, उद्या बंद पडलं तर मी तरी दुरुस्त करीन. ते इनहाऊसवाले, स्वतःचं मशीन स्वतःच बनवणारे, आले की त्यांना कंपनीतच पाठवावं लागतं, पार्टच मिळत नाहीत." झाकण लावलं, टायमिंग थोडं जुळवून दिलं, आता दिवसाला चार सेकंद. पैसे फक्त जनताच्या पट्ट्याचे घेतले.