द्रव हायड्रोजन की द्रव मिथेन: पीएचडीसाठी कोणते इंधन निवडावे?

अंतराळयानाच्या प्रणोदनावर (यान पुढे ढकलणाऱ्या यंत्रणेवर) पीएचडी करू इच्छिणाऱ्याने मिथेनची सोय आधी मान्य करावी: ते साधारण उणे 161 अंश सेल्सिअसला द्रवरूप होते आणि हायड्रोजनच्या सुमारे सहापट घन असल्याने टाकी लहान पुरते. हायड्रोजनला मात्र उणे 253 अंश लागतात. शिवाय द्रवीकरणानंतर त्याचे ऑर्थो रेणू (दोन्ही अणुकेंद्रांची फिरकी एकाच दिशेची असलेले) सावकाश पॅरा रूपात (विरुद्ध फिरकीच्या, कमी ऊर्जेच्या) जाताना इतकी उष्णता सोडतात की, आधीच उत्प्रेरक वापरून हा बदल उरकला नसेल तर, उत्तम आवरणाच्या टाकीतलेही इंधन आपोआप उकळू लागते. तरीही माझा कौल हायड्रोजनलाच आहे, कारण चांद्रयान-3 नेणाऱ्या रॉकेटच्या, हायड्रोजनवर चालणाऱ्या सीई-20 इंजिनाचा सुमारे 442 सेकंदांचा विशिष्ट आवेग (इंजिन इंधनाचा किती कार्यक्षम वापर करते याचे माप) मिथेनच्या आवाक्याबाहेरचा आहे, आणि हे इंधन अंतराळात महिनोन्‌महिने वाफ होऊन उडून जाऊ न देता साठवण्याचा प्रश्न अजून संशोधकाची वाट पाहतो आहे.