सुटलेल्या बंद्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली: वर्षभराच्या वापरानंतर

नागपूर मध्यवर्ती कारागृहातून सुटलेल्या बंद्यांसाठी काम करणाऱ्या आमच्या छोट्या गटाने गेल्या वर्षी शहरातील एका व्यावसायिकाकडून पाठपुराव्याच्या नोंदींची प्रणाली करून घेतली. ती मोबाइलवर मराठीतून चालते, नेटवर्क गेले तरी भरलेली माहिती जात नाही. तेवढ्यापुरती तक्रार नाही. अडचण मुख्य रकान्याची आहे. ‘पुन्हा गुन्हा केला का?’ याला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढीच उत्तरे आहेत आणि अटकेची तारीख भरताच ‘होय’ आपोआप उमटते.

अजनीकडे भाजीची हातगाडी लावणाऱ्या एका पारधी तरुणाला मारबतीच्या (पोळ्यानंतर निघणाऱ्या नागपूरच्या मिरवणुकीच्या) आदल्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 170 खाली, म्हणजे केवळ प्रतिबंधक कारवाई म्हणून, ताब्यात घेतले आणि दुसऱ्या दिवशी सोडले. गुन्हा घडलाच नव्हता, तरी त्याचे नाव पडद्यावर लाल झाले. ज्या जमातींवर 1871 च्या कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यांच्याकडे तो कायदा 1952 मध्ये रद्द झाल्यावरही संशयानेच पाहिले जाते. तिथे नुसती अटक मोजली तर बंद्याच्या वागण्याइतकेच पोलिसांचे वागणेही मोजले जाते. अमेरिकेत 30 राज्यांतून 2005 साली सुटलेल्यांच्या सरकारी अभ्यासात पाच वर्षांत 76.6 टक्क्यांना पुन्हा अटक झाली, पण नव्याने दोषी ठरले ते 55.4 टक्के आणि नव्या गुन्ह्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा झाली ती 28.2 टक्क्यांना. माणसे तीच, मोजमाप बदलले.

तारखांचा घोळ वेगळाच. आत जाण्यापूर्वीच्या जुन्या खटल्याचा निकाल सुटकेनंतर लागला, तरी प्रणाली त्याला नवा गुन्हा समजते, कारण घटनेच्या तारखेला तिच्यात जागाच नाही. महिन्यापूर्वी सुटलेला आणि तीन वर्षे बाहेर असलेला दोघे एकाच टक्केवारीत बसतात, आणि वारलेले किंवा पत्ता न लागणारे निमूटपणे ‘नाही’मध्ये जमा होतात. मेलेला माणूस गुन्हा करीत नाही हे खरे, पण ते आमचे यश कसे म्हणावे?

व्यावसायिकाने प्रतिबंधक अटकेचा वेगळा रकाना पंधरा दिवसांत जोडून दिला, हे नमूद केले पाहिजे. घटनेची तारीख, दोषसिद्धी आणि सुटकेपासूनचा काळ यांसाठी मात्र तो जादा पैसे मागतो आहे. तोवर आम्ही जुनी वही पुन्हा काढली आहे.