हळदीची कॅप्सूल, गुळवेलीचा काढा की नुसती गोळी?

सीएमएल, म्हणजे रक्ताचा एक कर्करोग (ल्युकेमिया), म्हटल्यावर पाहुणे रिकाम्या हातानं येत नाहीत. बेळगावातले हळदीच्या कॅप्सूलची डबी आणतात, खानापूरकडचे झाडावरची ताजी गुळवेल. इमॅटिनिब ही सीएमएलची गोळी चालू असताना मी दोन्ही घेतलंय, म्हणून जे आज या विचारात आहेत त्यांच्यासाठी लिहितोय.

हळदीची कल्पना पोकळ नाही. ल्युकेमियाच्या काही पेशी औषध आत आलं की पंपासारखं बाहेर फेकतात, आणि हळदीतल्या करक्युमिननं तो पंप मंदावल्याचं प्रयोगशाळेत दिसलंय. पण पोटातून रक्तात करक्युमिन फारच थोडं पोचतं. म्हणून बऱ्याच कॅप्सूलमध्ये मिऱ्याचा अर्क घालतात. तोच अर्क यकृतातल्या सीवायपी३ए४ या एन्झाइमला अडवू शकतो, आणि इमॅटिनिबची विल्हेवाट मुख्यतः तेच लावतं. माझ्या डबीवर ही ओळ इतकी बारीक होती की मुलीनं वाचून दाखवली तेव्हा कळली. मला कॅप्सूलनं त्रास झाला नाही, फायदाही जाणवला नाही. महिन्याभरात सोडली.

काढा मात्र मनापासून आवडायचा. सकाळी घेतला की अंगात तरतरी वाटायची. चार महिने घेतला आणि एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, तिप्पट झालं. डॉक्टरांनी काढा बंद केला, गोळीही थांबवली. इमॅटिनिबनं यकृताचे आकडे वाढू शकतात, आणि गुळवेल घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनीही नोंदवलंय. मग दोघांतलं कोण? "आता मी कुणाला धरू, सांगा की," डॉक्टर म्हणाले. माझ्यापाशी उत्तर नव्हतं. काढ्याचा राग नाही, पण दोष कुणाचा हेच कळेना, आणि त्यापायी तीन आठवडे गोळीविना गेले, हे मला फार लागलं. गोळीत खंड पडला की आजार परत डोकं वर काढू शकतो. 2010च्या लंडनमधल्या अभ्यासात 90 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेणाऱ्यांचा प्रतिसाद स्पष्ट मागे पडला होता. रेझिस्टन्स, म्हणजे गोळी लागू न पडणं, टाळायला घेतलेल्या काढ्यानं मला त्याच वाटेवर नेऊन सोडलं होतं.

आकडे उतरल्यावर नुसती गोळी सुरू केली. एसजीपीटी पुन्हा चढलेलं नाही. एकट्याच्या अनुभवावरून कुणाला ठामपणे सांगणं बरं नव्हे, पण माझं मन तिकडेच झुकलंय.

वनस्पतींवरचा विश्वास मात्र गेलेला नाही. परसातल्या सदाफुलीतूनच व्हिन्क्रिस्टीन हे औषध मिळतं, एएलएल या रक्ताच्या दुसऱ्या कर्करोगात ते देतात. दोन-दोन गोळ्या निकामी ठरलेल्या सीएमएलसाठी अमेरिकेत 2012 साली मान्य झालेल्या ओमासेटॅक्सिनचं मूळही एका झाडात आहे. पण ती मोजून, इंजेक्शनातून देतात. आणि आजाराच्या जनुकात टी३१५आय नावाचा, इमॅटिनिबला दाद न देणारा बदल निघाला तर पोनॅटिनिबसारखं वेगळं औषध लागतं, काढ्यानं भागत नाही.

भाजी-आमटीतली हळद मी सोडलेली नाही. तुम्हाला कॅप्सूल किंवा काढा घ्यायचाच असेल तर आधी एसजीपीटी करून घ्या आणि डबी, वेल जे असेल ते ओपीडीत डॉक्टरांपुढे ठेवा. मी चार महिने त्यांना सांगितलंच नव्हतं.