प्रोग्रेसिव्ह चष्मा घेताय? लेन्सवरच्या शाईच्या खुणा दुकानदाराला आधीच पुसू देऊ नका

सोलापुरात चाळिशी-पन्नाशीचा चष्मा करायला निघालेल्या सगळ्यांसाठी लिहितोय. जरा लांबलंय पण वाचा, कारण नामांकित कंपनीची म्हणून लोकल लेन्स गळ्यात मारायची ही फसवणूक लवकर कळतच नाही, दोष आपल्याच डोळ्यांचा वाटत राहतो.

मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशोब बघतो. दिवसभर कॉम्प्युटर, मधेच बारीक अक्षरातली चलनं, येता-जाता गाडी. म्हणून प्रोग्रेसिव्ह घ्यायचं ठरवलं, म्हणजे मधे रेघ नसलेली लेन्स, वरून लांबचं दिसतं, मधून कॉम्प्युटरचं, खालून वाचायचं. नंबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून काढून घेतला होता आणि तो बरोबरच होता, हे आधीच सांगतो.

गावातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकानदार बोलायला लई गोड. 'मालक, एकदाच घ्या पण चांगलं घ्या' म्हणत एका नामांकित कंपनीची लेन्स सुचवली, फ्रेमसकट १४ हजार. भाव त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर कंपनीच्या नावासकट पाठवला, ते पुढे फार कामाला आलं. पक्कं बिल मागितलं तर म्हणतो, 'मालक, १८ टक्के जीएसटी लागंल, उगं कशाला?' अहो १८ टक्के साध्या गॉगलला असतो, नंबरच्या चष्म्याला सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्केच आहे, त्याच्या आधी १२ होता. मी हटलो नाही म्हटल्यावर बिल दिलं, पण त्यावर नुसतं 'प्रोग्रेसिव्ह लेन्स', कंपनीचं नाव नाहीच. विचारलं तर म्हणे लेन्सबरोबर कंपनीचं कार्ड येतंय की.

चष्मा आला, कार्डही आलं, लेन्स एकदम लख्ख पुसलेली. आणि त्रास सुरू. कॉम्प्युटरवरची एक ओळ वाचायला हनुवटी वर करायची, बाजूला बघितलं की सगळं हलल्यासारखं, जिना उतरताना पायरी कुठंय ते कळेना, संध्याकाळी डोकं ठणकायचं. दुकानात सांगितलं की एकच उत्तर, 'सवय होईल मालक, पहिल्यांदा सगळ्यांनाच होतं.' आता यातली खरी ग्यानबाची मेख बघा, पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह घातलं की सवय व्हायला पंधरा दिवस लागू शकतात हे खरंच आहे! म्हणूनच हे बोलणं पटतं, माणूस गप्प बसतो, आणि तोपर्यंत पैसे जिरलेले असतात.

शेवटी विजापूर रोडकडच्या दुसऱ्या एका छोट्या चष्म्याच्या दुकानात गेलो. या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. त्याने लेन्स काढली, तोंडाची वाफ सोडली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. वाफ उडता उडता काचेत दोन बारीक गोल दिसले, पट्टी लावली तर त्यांच्यामधे बरोबर ३४ मिलिमीटर अंतर. या कायमच्या कोरलेल्या खुणा असतात, पुसल्या जात नाहीत. कानाच्या बाजूच्या गोलाखाली जवळचं वाचायला वाढवलेल्या नंबरचा (अ‍ॅडिशनचा) आकडा असतो, नाकाच्या बाजूच्या गोलाखाली कंपनीची खूण. माझ्या लेन्सवर आकडा होता, कंपनीची खूण दोन्ही काचांवर नव्हती. 'मालक, ही लोकल आहे, हजार-दीड हजाराची जोडी,' तो हळूच म्हणाला. मला तर घामच फुटला. वर दुसरं दुखणं, लेन्स बसवलीही होती अंदाजे. फ्रेम आपल्या तोंडावर घालून, समोर नीट बघायला लावून, आतल्या नमुना काचेवर दोन्ही बुबुळांसमोर पेनने ठिपका मारायचा असतो, त्यावरून लेन्स किती उंचीवर बसवायची ते ठरतं. माझं हे मापच कधी घेतलं नव्हतं.

म्हणून सांगतो, नवीन प्रोग्रेसिव्ह लेन्सवर शाईने छापलेल्या खुणा असतात, त्यात एक अधिक चिन्हासारखी (+) खूण असते, ती बुबुळासमोर यायला पाहिजे. ऑर्डर देतानाच सांगा की त्या शाईसकट चष्मा मला दाखवा, घालून बघतो, मग माझ्यासमोर पुसा. कोरलेली खूणही तिथंच बघून घ्या, चांगला दुकानदार हौसेने दाखवतो, जो टाळाटाळ करतो तिथून उठा. बिलावर कंपनी, लेन्सचं पूर्ण नाव आणि तुमचा नंबर लिहून घ्या. नुसत्या कार्डावर जाऊ नका, कार्ड कुठलंही देता येतं. आणि छोटी दुकानं सगळी अशीच असतात असं अजिबात म्हणत नाही, मला वाचवलं ते छोट्या दुकानानेच.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केलीय. नाही मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तक्रार गेल्यावर पहिल्या दुकानदाराचा लगेच फोन आला, 'लेन्स आणून द्या मालक, बदलून देतो.' दिली नाही. पुरावा तीच आहे, एकदा त्याच्या हातात गेली की माझ्याकडे दाखवायला काय राहणार? पैसे आधी खात्यावर टाका म्हटलंय, तोपर्यंत ती जोडी बिलासोबत पाकिटात बंद करून कपाटात ठेवलीय.